बॅशमध्ये एफ५ आणि एफ६ ला स्वतःच्या कमांड जोडताना येणाऱ्या अडचणी

प्रश्न | कातळशिल्प

उबंटू २२.०४, बॅश ५.१ (टर्मिनलमध्ये टाइप केलेल्या कमांड चालवणारं शेल). बटणांना काम जोडण्यासाठी होम फोल्डरमध्ये .इनपुटआरसी नावाची नवी फाइल करून या तीन ओळी टाकल्या आहेत (सोयीसाठी इथे देवनागरीत लिहितो, फाइलमध्ये अर्थातच रोमन आहेत):

"\ई[१५~": "गिट स्टेटस"
"\ई[१६~": "मेक टेस्ट"
"\सी-एस": "गिट डिफ"

एफ५ दाबलं की शब्द उमटतात, पण कमांड चालत नाही, एंटर वेगळं दाबावं लागतं. ओळीवर आधीच काही अर्धवट लिहिलेलं असेल तर हे शब्द त्यालाच चिकटतात. एफ६ दाबल्यावर मेक टेस्ट येतच नाही. कंट्रोल+एस दाबलं की टर्मिनल गोठतं. शिवाय जीडीबी (प्रोग्राममधल्या चुका शोधायचं साधन) उघडल्यावर तिथेही एफ५ ने गिट स्टेटस उमटतं. काय काय चुकलंय?

उत्तर १ | उभी_रेघ

आधी एफ६. क्रमांक अंदाजाने टाकलेला दिसतो. एफ५ चा १५ असला तरी एफ६ चा १६ नसतो, १७ असतो. पुढे एफ७ चा १८ आणि एफ८ चा १९. मधला १६ सुटलेला आहे, ही जुन्या व्हीटी२२० टर्मिनलपासून चालत आलेली मांडणी. म्हणून क्रमांक कधीही पाठ करू नका, टर्मिनललाच विचारा: रिकाम्या प्रॉम्प्टवर (कमांड लिहायच्या ओळीवर) कंट्रोल+व्ही दाबा आणि लगेच हवं ते बटण दाबा. एफ६ साठी ^[[१७~ दिसेल. त्यातलं पहिलं ^[ म्हणजे एस्केप, त्याच्या जागी \ई लिहायचं, बाकीचं जसंच्या तसं.

दुसरं, .इनपुटआरसीमध्ये अवतरणात लिहिलेलं म्हणजे मॅक्रो. तुम्ही स्वतः टाइप केल्यासारखी ती अक्षरं ओळीवर पडतात, त्यापलीकडे काही होत नाही. एंटरही त्यातच टाकावं लागतं, आणि एंटर म्हणजे \सी-एम. आधीचा मजकूर चिकटू नये म्हणून सुरुवातीला \सी-ई (ओळीच्या शेवटी जा) आणि \सी-यू (तिथपासून मागचं सगळं काढ):

"\ई[१५~": "\सी-ई\सी-यू गिट स्टेटस\सी-एम"

\सी-यू नंतरची मोकळी जागा मुद्दाम ठेवली आहे. उबंटूच्या .बॅशआरसीमध्ये (बॅश सुरू होताना वाचते ती फाइल) हिस्टरीत काय ठेवायचं ते ठरवणारं हिस्टकंट्रोल 'इग्नोरबोथ' असतं, त्यामुळे मोकळ्या जागेने सुरू होणारी कमांड हिस्टरीत जात नाही. दिवसातून पन्नास वेळा एफ५ दाबलं तरी वरच्या बाणाने तुमच्या खऱ्या कमांडच सापडतील. काढलेला अर्धवट मजकूर कंट्रोल+वायने परत येतो.

कंट्रोल+एसने गोठण्याचा बॅशशी संबंधच नाही. तिथे टर्मिनलचं फ्लो कंट्रोल आड येतं: कंट्रोल+एस म्हणजे थांब, कंट्रोल+क्यू म्हणजे सोड. गोठलं तर कंट्रोल+क्यू दाबा, खिडकी बंद करू नका. .बॅशआरसीमध्ये 'एसटीटीवाय -आयएक्सऑन' ही ओळ टाकली की ते बटण मोकळं होतं. पण माझं ऐकाल तर गिट डिफ तिथे ठेवूच नका. कंट्रोल+आरने हिस्टरीत शोधताना हवी ती कमांड ओलांडून पुढे गेलात, तर उलट यायला हेच बटण लागतं. गिट डिफला एफ७ द्या.

उत्तर २ | पोकळ_वासा

मॅक्रोपेक्षा 'बाइंड -एक्स' (बटणाला थेट कमांड जोडणारी बॅशची सोय) जास्त स्वच्छ पडतं, कारण ते लिहिलेल्या ओळीला हातच लावत नाही. कमांड चालते, आउटपुट दिसतं, आणि खाली तुमची अर्धवट ओळ कर्सरसकट तशीच परत येते. हे .इनपुटआरसीमध्ये चालत नाही, .बॅशआरसीमध्येच लिहावं लागतं. बाहेर एकेरी अवतरण, आत बटणाभोवती दुहेरी, मग कोलन:

बाइंड -एक्स '"\ई[१५~": गिट स्टेटस'

.बॅशआरसीच्या अगदी वर शेल इंटरॅक्टिव्ह (तुम्ही समोर बसून टाइप करता तसं) आहे का हे तपासणाऱ्या ओळी असतात, त्यांच्या खाली टाका. नाहीतर इंटरॅक्टिव्ह नसलेलं शेल ही फाइल वाचेल तेव्हा 'लाइन एडिटिंग चालू नाही' असा इशारा येत राहील.

याची खरी ताकद दोन व्हेरिएबलमध्ये आहे. रीडलाइन_लाइनमध्ये सध्याची ओळ असते आणि रीडलाइन_पॉइंटमध्ये कर्सरची जागा. दोन्ही वाचताही येतात, बदलताही येतात. ओळीच्या आधी सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणारा शब्द) लावणारं फंक्शन लिहायचं तर पहिल्यात सुडो आणि एक मोकळी जागा पुढे जोडा, दुसऱ्यात ५ मिळवा: रोमनमधली चार अक्षरं आणि एक जागा. हे ५ विसरलात तर कर्सर पाच घरं मागे राहतो आणि पुढचं टाइपिंग शब्दाच्या पोटात घुसतं.

एक मर्यादा: कमांड चालू शेलमध्येच चालते, म्हणून त्यात सीडी केलं तर फोल्डर खरोखर बदलतो, पण प्रॉम्प्टवर एंटर दाबेपर्यंत जुनाच दिसू शकतो. फोल्डर बदलणाऱ्या बटणासाठी मॅक्रोच वापरा.

उत्तर ३ | ऱ्हस्व_दीर्घ

जीडीबीचं कारण सोपं आहे. .इनपुटआरसी ही बॅशची नव्हे, टाइप केलेली ओळ हाताळणाऱ्या रीडलाइन लायब्ररीची फाइल. ती लायब्ररी वापरणारा प्रत्येक प्रोग्राम ती वाचतो. तुमच्या ओळींच्या वर '$इफ बॅश' आणि खाली '$एंडइफ' लिहा, म्हणजे त्या फक्त बॅशलाच लागू होतील. आणि फाइलची पहिली ओळ '$इन्क्लूड /ईटीसी/इनपुटआरसी' ठेवा, कारण होममध्ये स्वतःची फाइल आली की रीडलाइन सिस्टमची फाइल वाचत नाही. बदल केल्यावर नवं टर्मिनल उघडायला नको, कंट्रोल+एक्स, कंट्रोल+आर दाबलं की फाइल पुन्हा वाचली जाते.

मराठी टाइप करणाऱ्यांनी फंक्शन बटणंच निवडावीत असं मी आग्रहाने सांगेन. इनस्क्रिप्ट (मराठी कीबोर्डचा लेआउट) चालू असताना जीच्या बटणावर ऱ्हस्व उकार असतो. ऑल्ट+जीला कमांड जोडली असेल तर एस्केपनंतर जी जाण्याऐवजी त्या उकाराचे ३ बाइट जाऊ शकतात. मग कमांड चालत नाही आणि दोष .इनपुटआरसीमध्ये शोधत बसावं लागतं. एफ५ ला लेआउटने फरक पडत नाही.

कंट्रोलबरोबर आय, एम आणि [ कधीच घेऊ नका. टर्मिनलसाठी तेच अनुक्रमे टॅब, एंटर आणि एस्केप आहेत. कंट्रोल+एमला कमांड जोडली तर एंटरच हातचं जाईल.

कातळशिल्प

१७ टाकल्यावर एफ६ लागलं, $इफमुळे जीडीबीही सुटलं. एफ५ ला बाइंड -एक्स लावलं, पण .बॅशआरसीच्या शेवटी 'सेट -ओ व्हीआय' (व्हीआय एडिटरसारखी बटणं वापरायची सेटिंग) आहे आणि एफ५ काहीच करत नाही.

उभी_रेघ

क्रम उलटा करा. बाइंड त्या क्षणी चालू असलेल्या कीमॅपमध्ये (कोणतं बटण काय करेल याच्या यादीत) नोंद करतं. तुमची नोंद बॅशच्या मूळच्या ईमॅक्स कीमॅपमध्ये गेली आणि नंतर तुम्ही व्हीआयवर आलात. 'सेट -ओ व्हीआय' वर घ्या, किंवा बाइंडला '-एम व्हीआय-इन्सर्ट' जोडा. व्हीआयच्या कमांड मोडमध्येही एफ५ हवं असेल तर तीच ओळ 'व्हीआय-कमांड' घालून दुसऱ्यांदा लिहा. नोंद कुठे पडली हे 'बाइंड -एक्स' मधला एक्स कॅपिटल करून चालवलं की दिसतं. मॅक्रोंची यादी 'बाइंड -एस' देतं, तिथे एस लहान.