आठ वर्षं उशिरा आलेलं पत्र: 'पर्स्वेजन' वाचण्यातलं सुख

चाफेकळी:
जेन ऑस्टिनची 'पर्स्वेजन' ही कादंबरी तिसऱ्यांदा वाचली. माझं ठाम मत झालंय, प्रेमकथेत कबुलीपेक्षा ताटकळण्यात जास्त सुख असतं. १९ वर्षांच्या अ‍ॅननं थोरामोठ्यांचं ऐकून वेंटवर्थला लग्नाला नकार दिलेला. आता ती २७ ची, तो नौदलात कप्तान. समोरासमोर येतात, पण बोलणं जेमतेम. अ‍ॅन जायबंदी भाच्यापाशी गुडघे टेकून बसलीय आणि त्याचा दोन वर्षांचा धाकटा भाऊ तिच्या पाठीवर चढून बसलाय, हटतच नाही. वेंटवर्थ मुकाट्यानं येऊन पोराला उचलून नेतो. एवढंच! तिला आभारही मानता येत नाहीत. इथे मी दर वेळी पुस्तक मिटून थोडा वेळ बसते.

कोरा कागद:
असहमत. वेंटवर्थ परतला तो २५,००० पौंड घेऊन, शत्रूची जहाजं पकडल्याबद्दल मिळालेले. रिकाम्या खिशानं आला असता, तर अ‍ॅनच्या घरानं त्याला दारात उभं केलं असतं का? हा पैशाचा हिशेब आहे, त्याला आपण उगाच 'तरल' म्हणतो.

चाफेकळी:
कोरा कागद, शेवटाकडचा संवाद पुन्हा वाचा. १८०८ मध्येच त्याच्याकडे काही हजार पौंड आणि जहाज होतं. तेव्हा विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस का, असं तो विचारतो आणि ती हो म्हणते. पुढची सहा वर्षं त्याच्या अभिमानानं घालवली. हे तो स्वतः कबूल करतो, म्हणून मला तो आवडतो.

जुनी वही:
शेवटाबद्दल थोडं. ऑस्टिननं आधी वेगळा शेवट लिहिला होता: आपला मेहुणा अ‍ॅडमिरल क्रॉफ्ट याच्या सांगण्यावरून वेंटवर्थ अ‍ॅनला तिचं दुसऱ्याशी लग्न ठरलंय का असं विचारतो आणि गाठ सुटते. हा शेवट ऑस्टिनला पटला नाही. १८१६ च्या उन्हाळ्यात, तब्येत खालावत असताना, तिनं तो नव्यानं लिहिला. आता अ‍ॅन वेंटवर्थच्या मित्राशी, हार्विलशी, प्रेमात जास्त एकनिष्ठ कोण यावर वाद घालते, लेखणी पुरुषांच्या हाती होती म्हणते, आणि त्याच खोलीत वेंटवर्थ ते ऐकत तिला पत्र लिहितो. पुस्तक छापून आलं डिसेंबर १८१७ मध्ये. ऑस्टिन जुलैतच गेली होती.

कोरा कागद:
१८०८ चा मुद्दा माझ्या नजरेतून सुटला होता, मान्य. पत्रही अप्रतिम आहे. पण १८०८ मध्येसुद्धा ते काही हजार पौंड लागलेच ना? त्यावर मी अजून अडून आहे.