मदत हवी आहे: मेरीलँडच्या विधिमंडळात पादचाऱ्यांच्या बाजूने बोलायचंय, पण आम्ही व्हिसावर

नमस्कार मंडळी,

आम्ही मेरीलँडमध्ये, वॉशिंग्टन डीसीच्या हद्दीला अगदी लागून राहतो. गेल्या वर्षी नवरा क्रॉसिंगवरून रस्ता ओलांडत असताना लाल सिग्नलवर उजवीकडे वळणाऱ्या गाडीने त्याला उडवलं. मनगट मोडलं, प्लेट बसवावी लागली. आता बरा आहे.

ड्रायव्हर फक्त डावीकडून येणाऱ्या गाड्या बघत होता, हे त्याने पोलिसांपुढे कबूल केलं. पण नवऱ्याने रस्त्यावर पाऊल टाकलं तेव्हा सिग्नलचा लाल हात लुकलुकायला लागला होता, म्हणजे नव्याने ओलांडायला सुरुवात करायची नसते. तेही त्याने स्वतःहून सांगून टाकलं (आमच्या घरी हरिश्चंद्र नांदतो). तेवढ्यावर ड्रायव्हरच्या विमा कंपनीचं पत्र आलं: काँट्रिब्युटरी निग्लिजन्स (अपघातात तुमचीही चूक), दावा नामंजूर.

मग वाचायला बसले. मेरीलँड, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना आणि अलाबामा या चार राज्यांत हा जुना नियम अजून आहे. जखमी माणसाची एक टक्का चूक निघाली तरी भरपाई शून्य. डीसीने २०१६ मध्ये पादचारी आणि सायकलस्वारांपुरता तो बदलला. तिथे तुमची चूक समोरच्यापेक्षा जास्त नसेल तर दावा बुडत नाही. वेस्टर्न ॲव्हेन्यू ही डीसीची हद्द. म्हणजे याच गाडीने रस्त्याच्या पलीकडे उडवलं असतं तर निदान बोलायला जागा होती!

विधिमंडळाचं अधिवेशन जानेवारी ते एप्रिल, ९० दिवसांचं असतं. डीसीसारखा बदल इथे करा, हे आमच्या डेलिगेटना (विधिमंडळातल्या आमच्या भागाच्या प्रतिनिधींना) सांगायचंय आणि तसं विधेयक सुनावणीला आलं तर साक्ष द्यायचीय. पण आम्हाला मत नाही. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-४ (त्यांच्या जोडीदाराचा व्हिसा) वाल्यांनी असं काही केलेलं चालतं का? पुढे ग्रीन कार्डाला नडेल का? आणि दोन मिनिटांत सांगायचं तरी काय? विधिमंडळ भरतं त्या ॲनापोलिसला कुणी गेलंय का?

प्रतिसाद १
मी दोनदा गेलोय, बाइक लेनच्या विधेयकासाठी. कुणी नागरिकत्व विचारलं नाही. नाव, गाव, विधेयकाच्या बाजूने की विरोधात, बस्स. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर खातं उघडून सुनावणीच्या आधीच नाव नोंदवायचं आणि लेखी म्हणणं चढवायचं. त्या दिवशी सकाळी जाऊन उपयोग नाही. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा: व्हिसावर असताना उमेदवाराला देणगी द्यायची नाही, पाच डॉलरसुद्धा नाही. ते बेकायदा आहे. बोलणं आणि देणगी या दोन गोष्टींत लोक फार गल्लत करतात. ग्रीन कार्डाचं मात्र तुमच्या इमिग्रेशन वकिलांनाच विचारा.

प्रतिसाद २
ताई, त्याआधी अपघाताचे दावे बघणाऱ्या वकिलालाही भेटा. इथे दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षं आहे, म्हणजे तुमची अजून संपलेली नाही. साक्ष सार्वजनिक होते, व्हिडिओही राहतो. "हात लुकलुकत होता" हे वाक्य तिथे बोललात तर उद्या समोरचा वकील तेच वाजवून दाखवेल. आणि पीआयपीचे (गाडीच्या विम्यातले उपचारखर्चाचे) पैसे मागितलेत का? ते चूक कुणाची हे न बघता मिळतात.

प्रतिसाद ३
थोडं विरोधी बोलतो, राग नसावा. भरपाईचा कायदा हाड मोडल्यावर कामाला येतो. मी तुमच्या जागी असतो तर वेग आणि लाल सिग्नलवरचं उजवं वळण यावर बोललो असतो. एएए फाउंडेशन या रस्ता सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०११ च्या अभ्यासात ताशी २३ मैलांनी धडक बसली तर पादचारी दगावण्याचा धोका १० टक्के, ३२ ला २५ आणि ४२ ला ५० टक्के निघाला होता. चौकातला वेग उतरवला की पुढचं पुष्कळसं टळतं.

मूळ धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. पीआयपीचे अडीच हजार मिळाले होते, इमर्जन्सीच्या पहिल्याच बिलात गेले.

@प्रतिसाद ३, राग कसला, पटलंच. पण दोन मिनिटांत दोन विषय घेतले तर एकही पोचणार नाही, म्हणून भरपाईवरच राहते. वळणाबद्दल काउंटीला वेगळं लिहीन.

@प्रतिसाद २, हे डोक्यातच आलं नव्हतं. वकिलाची वेळ घेतलीय. तोवर नवऱ्याची हकीकत बाहेर ठेवून फक्त वेस्टर्न ॲव्हेन्यूचं उदाहरण द्यायचं ठरवलंय. सुरुवात अशी करू का: "मी रोज जो रस्ता ओलांडते, त्याच्या दोन बाजूंना दोन कायदे आहेत"? "प्रीमियम वाढतील" असं कुणी म्हणालं तर काय उत्तर द्यायचं तेवढं अजून सुचत नाहीये. विम्याच्या क्षेत्रातलं इथे कुणी आहे का?