लायब्ररी छोटी असली तरी टेस्टशिवाय रिलीज करू नका

वर्धारोडकर: काल इथं एका भाऊनं लिहिलं, "आकडे भाषेप्रमाणे मांडणारी, दोनशे ओळींची जावास्क्रिप्ट लायब्ररी (दुसऱ्यांनी वापरायचा तयार कोड) फुकट देतो. टेस्ट लिहायला वेळ कोणाला आहे? बिघडलं तर लोक इश्यू (तक्रार) टाकतीलच." वाचून रात्रभर डोकं तापलं. भाऊ, लोकांच्या पॅकेज फाइलीत तुमच्या १.४.२ आवृत्तीच्या आधी कॅरेट (^) असतं, म्हणजे पुढची सुसंगत आवृत्तीही चालेल. तुम्ही १.४.३ सोडली की लॉकफाइल (आवृत्त्या पक्क्या करणारी फाइल) नसलेल्या प्रत्येक नव्या इन्स्टॉलमध्ये ती आपोआप शिरते. लेफ्ट-पॅड नावाचं पॅकेज ११ ओळींचंच होतं. २०१६ मध्ये ते एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजच्या ऑनलाइन कोठारावरून निघालं आणि बॅबेल या कोड रूपांतर करणाऱ्या साधनावर उभे असलेले बिल्ड पडले.

माझ्यावरही आलंय. सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणून रात्री पब्लिश केलं. सकाळी पाहतो तर पॅकेजमध्ये डिस्ट, म्हणजे वापरायच्या तयार कोडचं फोल्डरच नाही! टेस्ट सोर्सवर चालत होत्या, लोकांच्या हाती जाणाऱ्या गाठोड्याला कोणी हातच लावला नव्हता. आता आधी 'एनपीएम पॅक' या कमांडनं गाठोडं बांधतो, ती टारबॉल फाइल रिकाम्या फोल्डरमध्ये टाकून चालवतो, मगच पब्लिश.

गोकुळपेठ४४: ती पोस्ट माझीच. लॉकफाइल न ठेवणं हा वापरणाऱ्याचा दोष आहे. लायसन्समध्ये 'जसं आहे तसं' स्पष्ट लिहिलंय. दिवसा नोकरी, रात्री हे काम, पैसा एक नाही. आणि टेस्ट असून तुमचंही फुटलंच ना?

महालची_लेक: मी सांगते काय होतं ते. नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका अडत्याच्या बिलासाठी मी हीच लायब्ररी घेतली. भाषा मराठी दिली की माझ्याकडे १,२५,००० असं देवनागरीत यायचं. त्याच्या सर्व्हरवर नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) आवृत्ती १२, तिथं इंग्रजी आकडे! सगळ्या भाषांचा डेटा नोडसोबत १३ पासून येतो. ऐन संत्र्याच्या हंगामात दोन दिवस बिलं हातानं लिहिली.

गोकुळपेठ४४: ताई, बिलावर मराठी आकडे पाहिजेत काऊन? आजकाल वाचतं कोण?

महालची_लेक: माझे बाबा वाचतात. अडत्याची चोपडी आजही त्याच आकड्यांत आहे. तुम्ही कळमन्यात पाय ठेवला का कधी?

गोकुळपेठ४४: माझं अर्धं बालपण तिथं गेलं. माणसावर येऊ नका.

वर्धारोडकर: दोघंही थांबा. हिंदी भाषा दिली तर इंटल (जावास्क्रिप्टमधली भाषेप्रमाणे आकडे मांडायची सोय) इंग्रजी आकडे देतं, मराठी दिली तर देवनागरी. हिंदीवर टेस्ट करून मराठी चालेल असं धरता येत नाही. ज्याला इंग्रजी आकडे पाहिजेत त्यानं आकड्यांची पद्धत वेगळी सांगावी, आणि दोन्हींच्या टेस्ट पाहिजेतच.

महालची_लेक: बाजारात राहिले असाल तर तो शब्द मी मागं घेते. बिलाचा राग मात्र कायम आहे.

गोकुळपेठ४४: हिंदी-मराठीचा हा फरक माझ्या ध्यानात नव्हता, तेवढं मान्य. दोन टेस्ट टाकतो. नोड १२ मात्र मी सांभाळणार नाही, ते तुम्ही बदलवा. सोडलेली १.४.३ काढून टाकू?

वर्धारोडकर: काढू नका, तो नंबर परत वापरता येत नाही. डेप्रिकेट करा, म्हणजे 'वापरू नका' असा शेरा मारा. १.४.४-बीटा.० ही चाचणी आवृत्ती नेक्स्ट या वेगळ्या टॅगवर सोडा, कॅरेट बीटा उचलत नाही. ताईंच्या सर्व्हरवर आधी तीच चालवून पाहू.

महालची_लेक: नोड बदलवून घेते. रविवारी अडत्याकडे जाणारच आहे.