आंजर्ल्याला पौर्णिमेच्या रात्री तंबू: पुळणीवर कुठे लावावा?

भटकी पुणेकरीण
फेब्रुवारीत आम्ही दोघं आणि मुलं (९ आणि ६ वर्षं) कोकणात आंजर्ल्याला जातोय. समुद्रावर चांदणं बघायचं म्हणून मुद्दाम पौर्णिमा धरली आहे. तंबू घरचाच. पाण्याच्या जवळ लावता येईल का? रात्री शेकोटीही करायची आहे.

सुरूबन
ताई, मी याच किनाऱ्यावरचा. पौर्णिमेला पुळणीवर मुळीच झोपू नका. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं आणि भरती पूर्ण होते ती बाराच्या सुमारास, दुपारी आणि मध्यरात्री. तुम्ही संध्याकाळी सहाला पोचाल तेव्हा ओहोटी असेल, वाळू लांबपर्यंत मोकळी दिसेल. तिथे तंबू ठोकलात तर पोरं गाढ झोपेत असताना पाणी आत येईल.

आमच्याकडे हिशोब सोपा: तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा. शुद्ध अष्टमीच्या आसपास या. तेव्हा भांग, म्हणजे उधाणाच्या उलट कमी जोराची भरती, असतो, पाणी फार चढत नाही, आणि चंद्र मध्यरात्रीपर्यंत असतो. मुलांना तेवढं चांदणं पुष्कळ.

तंबू मात्र कुणाच्या तरी वाडीत (नारळाच्या बागेत), विचारून लावा. विहिरीचं पाणी आणि संडास हाताशी राहतो. फक्त माडाखाली नको. नारळ किंवा झाप (माडाची वाळकी झावळी) रात्री कधी पडेल सांगता येत नाही. सुरूच्या बनात शेकोटी करू नका, खाली वाळक्या काड्यांचा जाड थर असतो.

कासववेडा
शेकोटी आणि मोठे टॉर्च किनाऱ्यावर नकोतच. हा ऑलिव्ह रिडले कासवांचा हंगाम आहे. माद्या रात्री अंडी घालायला वर येतात, आणि पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, समुद्र सोडून भलतीकडे जातात. गावकरी अंडी कुंपणात सुरक्षित ठेवतात, पिल्लं सकाळ-संध्याकाळ सोडतात. मुलांना ते नक्की दाखवा, आधी गावात चौकशी करून.

भटकी पुणेकरीण
तारीख बदलली, शेकोटी रद्द. वाडीतली जमीनही भुसभुशीत असते ना? खुंट्या धरतील का?

सुरूबन
वाळूत खुंटी उपटते. कापडी पिशव्यांत वाळू भरा, दोरी बांधून हातभर खोल पुरा. वरचं आच्छादन घालाच, पहाटे दव इतकं पडतं की कापड निथळतं. रात्री मतलई वारा जमिनीकडून येतो, तेव्हा दार समुद्राकडे ठेवा. आणि येताना दुपारी हर्णैला थांबा, बंदरावर मासळीचा लिलाव मुलांना आवडेल.