मदत हवी आहे: चर्चच्या जेवणातला डबा घरी द्यावा की नाही? रविवारच्या आत सांगा

वाडीतली_मी
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय, रविवारी मिस्सेनंतर (चर्चमधल्या प्रार्थनेनंतर) मीटिंग आहे आणि तिथे निर्णय होणारे. आमच्या चर्चच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी म्हाताऱ्या माणसांना जेवण असतं, चिरणं-शिजवणं-वाढणं सगळं गावातलीच माणसं करतात, कुणी एक रुपया घेत नाही. मागच्या शुक्रवारी डबा घरी नेऊन खाल्लेल्या दोघांना रात्री उलट्या-जुलाब झाले. आता कमिटीतले काही जण म्हणतायत डबा बंद. मला ते अजिबात पटत नाही. उपाय सांगा, फक्त "बंद करा" असं लिहू नका.

खाडीपल्याड
ताई, डब्यात काय होतं? किती वाजता शिजलं, किती वाजता खाल्लं? हॉलमध्ये जेवले त्यांना काही झालं का? आणि गाव कुठलं? एवढ्यावरून काय सांगणार.

वाडीतली_मी
वसई. ६० च्या आसपास माणसं. भात, डाळ, कोबीची भाजी, नेहमीचंच. हॉलमध्ये जेवले त्यांना काहीच नाही झालं, म्हणून तर म्हणते जेवणात दोष नाही.

थेम्सकाठी
मी इंग्लंडमध्ये एका चर्चच्या लंच क्लबला ६ वर्षं स्वयंसेवक आहे. इथे नियम असा की गरम अन्न ६३ डिग्रीच्या वर ठेवायचं, त्याखाली गेलं तर २ तासांत संपवायचं. आम्ही घरी न्यायला काही म्हणजे काही देत नाही. वाईट वाटतं, पण ८५ वर्षांच्या माणसाला जुलाब झाले तर अंगातलं पाणी फार लवकर कमी होतं, ते साधं दुखणं राहत नाही. मी तरी बंदच म्हणेन.

खाडीपल्याड
ताईंनी तेच लिहू नका म्हटलंय. आणि तिकडे संध्याकाळी घरी फ्रीज असतो, मायक्रोवेव्ह असतो, इथे वाडीतल्या म्हातारीकडे काय असतं ते बघून बोला.

थेम्सकाठी
फ्रीज नसेल तर उलट धोका जास्त, कमी नाही.

कँटीनवाला
दोघंही थांबा. मी २२ वर्षं कँटीन चालवलं, मला वेळा हव्यात. भात किती वाजता उतरवला?

वाडीतली_मी
वेळ एवढी महत्त्वाची असेल असं वाटलं नव्हतं. भात ९ ला उतरतो, कारण भट्टी एकच आहे आणि नंतर डाळ ठेवायची असते. मोठ्या टोपात झाकून ठेवतो, १ वाजता पंगत, २ नंतर उरलेल्यातून डबे भरतो. घरी लोक ८ च्या सुमारास खातात.

कँटीनवाला
म्हणजे ११ तास! ताई, तुमच्याकडे नेमकं काय झालं ते इथून सांगता येणार नाही, पण भात हा पहिला संशयित. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष सोडतात, आणि ते विष परत गरम करूनही जात नाही. डाळीला तार सुटली तर कळतं, भाताला बऱ्याचदा वासही येत नाही. मोठ्या टोपात झाकलेला भात मधोमध तासन् तास कोमट राहतो. आधी डाळ करा, भात सगळ्यात शेवटी, १२ च्या पुढे. आणि डब्यात भात देऊच नका, पोळी आणि सुकी भाजी द्या.

सुनंदा_पालघर
पोळी दात नसलेल्यांना चावत नाही हो. माझ्या सासूबाई कवळी काढून ठेवायच्या आणि पोळी तशीच परत यायची. नाचणीचं आंबील द्या, पोटाला थंड.

मोगरा७१
शुक्रवारी जेवण ठेवता तर प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या दिवसांत, काय करता? उपवास असतो ना?

सुनंदा_पालघर
उपवास वयाच्या ५९ पर्यंतच बंधनकारक आहे, म्हाताऱ्यांना नाही.

मोगरा७१
उपवासाला वयाची अट आहे, मांस वर्ज्य करायला वरची अट नाही. दोन्ही वेगळं आहे.

वाडीतली_मी
प्लीज, आम्ही शुक्रवारी मटण करत नाही, तो विषय इथे नको. दोन दिवस उरलेत माझ्याकडे.

खाडीपल्याड
ताई एक विचारू? डबा नेतात तो कुणासाठी?

वाडीतली_मी
हे गावात सगळ्यांना माहीत आहे म्हणून लिहिलं नाही. डबा नेणारे ९ जण, त्यातल्या ५ जणांचं कुणीतरी घरी अंथरुणाला आहे. एक बाय आहे, लाल लुगडं नेसते, ताटातली अर्धी भाजी कडेला सारते आणि कुणाचं लक्ष नाही बघून स्टीलच्या डब्यात घालते, डबा ओच्यात लपवते. आम्ही भरून देतो म्हटलं तरी आधी स्वतःच्या ताटातलंच काढते. नवऱ्याला तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला. मुलगा परदेशात. तिला मी कुठल्या तोंडाने सांगू की आजपासून डबा नाही?

थेम्सकाठी
हे आधी कळलं असतं तर मी तसं लिहिलंच नसतं. मग उरलेलं कशाला देता, त्यांचा वाटा आधीच काढा. आमच्याकडे घराबाहेर पडू न शकणाऱ्यांना पंगतीच्या वेळीच गरम जेवण पोचवतात.

कँटीनवाला
बरोबर. त्यांना रात्रीचं नाही, दुपारचंच जेवण द्या. भात उतरला की पहिले ५ डबे, वाफ निघत असतानाच भरायचे, पोरं बाइकवर नेतील आणि तिथेच खाऊन संपेल. संध्याकाळसाठी सगळ्या ९ जणांना पाव आणि केळी द्या, वसईत केळ्यांना काय तोटा. डब्यावर चिठ्ठी लावा, "दुपारीच खा", मोठ्या अक्षरात.

वाडीतली_मी
मीटिंग झाली. फादरांनी ऐकून घेतलं, कमिटीतले दोघं नाराज आहेत पण तयार झाले. भट्टी दुसरी मिळाली, एकाने लग्नाच्या सामानातली दिली.

वाडीतली_मी
शुक्रवार पार पडला. भात १२:१५ ला उतरला, पाचही डबे १ च्या आत घरी पोचले. बायने आज पहिल्यांदा पूर्ण ताट जेवलं, मी समोरच वाढत होते. तिचा निरोप आलाय की कोबी बारीक हवा, ह्यांना गिळताना अडकतो. कोबी किसून घालू का? ६० जणांचा किसायला किती माणसं लागतील?

कँटीनवाला
किसू नका, पाणी सुटून लगदा होतो. बारीक चिरून झाकणावर पाणी ठेवून वाफेवर जास्त शिजवा, नाहीतर पुढच्या वेळी दुधी करा. पण गिळताना ठसका लागत असेल तर भाजी बदलून भागणार नाही, डॉक्टरांना दाखवा, आणि त्यांना आडवं ठेवून भरवू नका. बसवूनच भरवतात ना ते विचारा.

वाडीतली_मी
विचारते. उद्याच जाते.