दीड वर्षाचं मूल आणि सकाळचा स्वयंपाक: कशात गुंतवावं?

रानजाई: मुलगी १८ महिन्यांची आहे. सकाळी डबे आणि पोळ्या करायच्या वेळी घरात दुसरं मोठं कुणी नसतं. खेळण्यांची अख्खी टोपली पुढ्यात ओतली तरी ती गाऊन धरून पायाशीच उभी राहते. मोबाइल द्यायचा नाही हे नक्की. घरातल्याच वस्तूंनी तिला २०-२५ मिनिटं ओट्यापासून लांब कसं ठेवावं?

बालवाडीताई: या वयात एकाच गोष्टीत सलग २५ मिनिटं रमणं होत नाही. ५-७ मिनिटांचे तुकडे धरा. टोपली ओतू नका. सगळं एकदम दिसलं की मूल कशातच रमत नाही. तीन-चार वस्तू बाहेर ठेवा, बाकी माळ्यावर टाका आणि आठवड्याने बदला.

ओट्याशी जायच्या आधी तिचं खाणं उरका आणि १० मिनिटं तिच्यासोबत जमिनीवर बसा. भुकेलं किंवा झोपेला आलेलं मूल कशानेच गुंतत नाही.

मग खरी भांडी द्या. वेगवेगळ्या मापांचे चार स्टीलचे डबे झाकणांसकट दिले, तर झाकण लावणं-काढणं सगळ्यात जास्त चालतं. भरणं आणि रिकामं करणं हाच या वयाचा खेळ, त्यामुळे टोपलीतले सहा-सात मोठे बटाटे पातेल्यात टाकायचं कामही आवडतं. एक संपलं की दुसरं काढा, दोन्ही एकदम नकोत.

केशरभात: व्हिडिओंत राजमा किंवा छोले एका वाटीतून दुसरीत ओतायला देतात, ते मुळीच करू नका. नाकात गेलेला दाणा ओलाव्याने फुगतो आणि डॉक्टरांकडेच काढावा लागतो. श्वासनलिकेत गेला तर जिवावर बेततं. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जे आरपार जातं, ते या वयात हातात नको. रिमोट किंवा गाणारं खेळणं देणार असाल तर सेलचं झाकण स्क्रूने बंद आहे ना, बघा. गिळलेला बटण सेल दोन तासांत अन्ननलिका जाळू शकतो.

पाण्याचा खेळ तुम्ही शेजारी बसलेल्या असतानाच, एरवी नाही. भरलेली बादली ठेवू नका, न्हाणीघराचं दार लावा. लहान मूल डोक्याकडून बादलीत पडलं तर त्याला स्वतःला वर येता येत नाही.

रानजाई: पोळ्या लाटताना कणकेचा गोळा दिला तर?

बालवाडीताई: लिंबाएवढा, थोडा घट्ट आणि साधा द्या. टिकावा म्हणून भरपूर मीठ घातलेला गोळा नको, इतकं मीठ पोटात जाणं लहान मुलाला धोक्याचं आहे. कच्ची कणीकही खाण्याची नाही. तोंडात घालू लागली की काढून घ्या, वाटी-चमचा द्या.

पोळपाट: मूल गुंतवण्याइतकंच कामाचा क्रम लावणं गरजेचं आहे. भाजी रात्री चिरा, कणीक रात्रीच भिजवून फ्रिजमध्ये ठेवा. फोडणी, तळण, कुकर उघडणं ती उठायच्या आधी उरका, मग सकाळी पोळ्याच उरतात. शेगडी ओट्यावर आत सरकवा, तव्याचा दांडा भिंतीकडे वळवा. दारात लहान मुलांचं फाटक लावा, म्हणजे तुम्ही तिला दिसता, पण ती आत येत नाही.

रानजाई: फाटक लावलं की ती रडते.

पोळपाट: पहिल्यांदाच स्वयंपाकाच्या घाईत लावलं तर रडणारच. दुपारी मोकळ्या वेळी दोन मिनिटं लावा, तुम्ही पलीकडे बसा आणि बोलत राहा. मग हळूहळू वेळ वाढवा. सकाळी हात चालू असताना काय करताय ते मोठ्याने सांगत राहा. गाणी लावायला हरकत नाही, फक्त मोबाइल-टीव्हीचा पडदा नको: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनातही एक वर्षाच्या मुलांसाठी तो नकोच म्हटलंय. कपड्यांच्या घड्या मात्र तिच्यासोबतच करा, मोजे आणि रुमाल तिच्या वाट्याला.