'डिफॉल्ट लॉजिक'साठी मराठी संज्ञा कोणती?

फोंडा : संगणकशास्त्रज्ञ रेमंड रायटर यांनी १९८० मध्ये मांडलेल्या 'डिफॉल्ट लॉजिक'वर विद्यार्थ्यांसाठी मराठी टिपण लिहीत आहे. न्यायव्यवहारात 'डिफॉल्ट'साठी वापरला जाणारा 'कसूर' येथे निरुपयोगी आहे. एखादा प्राणी पक्षी असेल, आणि तो उडतो असे मानण्याला ज्ञात माहितीत कशाचाही विरोध नसेल, तर तो उडतो असे धरावे. पुढे तो पेंग्विन निघाल्यास निष्कर्ष मागे घ्यावा, असे त्याचे स्वरूप. 'गृहीत-तर्क' चालेल का?

डिचोली : चालू नये. गृहीतक आरंभीच स्वीकारतात, युक्तिवादाच्या मध्यावर ते सोडत नाहीत. संस्कृत व्याकरणात सामान्य नियमाला 'उत्सर्ग' आणि त्याला बाधणाऱ्या विशेष नियमाला 'अपवाद' म्हणतात. हाती तयार जोडी असताना उसनवारी कशाला? 'उत्सर्ग-तर्क' म्हणावे.

मडगाव : आजचा वाचक 'उत्सर्ग' वाचून उत्सर्जनाकडे जाईल. शिवाय व्याकरणातला अपवाद सूत्ररूपाने सांगितलेला असतो. रायटर यांच्या नियमात अपवादांची यादी द्यावी लागत नाही, आणि हाच त्याचा प्राण आहे. 'डिफॉल्ट' हा शब्द मोबाइलमुळे माझ्या आईच्याही तोंडी आहे, तोच ठेवावा.

डिचोली : मोबाइलमधली निवड आपण आपल्या इच्छेने बदलतो, येथे नवी माहिती निष्कर्ष बदलायला भाग पाडते. शब्द तोंडी रुळला म्हणून हा अर्थही रुळला, असे होत नाही.

पणजी : वकिली करतो, म्हणून आपल्या गोव्याचेच उदाहरण देतो. विवाहपूर्व करार केलेला नसेल तर येथे पतिपत्नीची मालमत्ता सामाईक ठरते. त्यावरून 'अन्यथा-नियम' सुचतो.

फोंडा : उदाहरण फार आवडले, तरी एक भेद राहतो. कायद्याला करार झालेलाच नसणे लागते. तर्काला करार झाल्याचे ज्ञात नसणे पुरते.

पणजी : कायद्यापुरते मान्य, पण व्यवहारात आम्हीही हाती असलेल्या कागदांवरच चालतो. म्हणूनच विक्रीखतावर नवरा-बायको दोघांच्याही सह्या घेतो.

मडगाव : दोन नियम परस्परांना छेदतात तेव्हा काय म्हणणार? अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष निक्सन क्वेकर (युद्धविरोधी ख्रिस्ती पंथाचे) म्हणून शांततावादी, रिपब्लिकन पक्षाचे म्हणून नव्हेत. रायटर यांच्या पद्धतीत दोन्ही निष्कर्षसंच वैध ठरतात, आणि कोणता पत्करावा हे ती पद्धत सांगत नाही.

डिचोली : 'निष्कर्षसंच' नको, 'विस्तार' म्हणावे, मूळ माहिती नियमांनी विस्तारत जाते.

मडगाव : 'विस्तार' म्हटले की एकच विस्तार डोळ्यांपुढे येतो, येथे अनेक संभवतात, आणि काही वेळा एकही नसतो.